चूक की कपट?



अमेरिकेत बंदुका विकण्याचा धंदा करायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. दुकानाच्या नोंदवह्या तपासायला वॉरंटची गरज नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली बिस्वेल खटल्यात ठरवले. १९८६ च्या कायद्याने मर्यादा घातल्या : नेहमीची तपासणी वर्षातून एकदाच, आणि परवाना रद्द करायचा तर नियमभंग जाणूनबुजून केलेला हवा.

२०२१ साली बायडन प्रशासनाने कडक धोरण आणले. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ते मागे घेतले. दरम्यान दुकानदारांची तक्रार होती की, कागदावरची चूक आणि मुद्दाम केलेला गुन्हा एकाच तराजूत तोलला जातो.

ही तक्रार मला पोकळ वाटत नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो, कायदा सर्वांसाठी एकच बोलतो, प्रसंग मात्र वेगवेगळे असतात. म्हणून न्याय करणाऱ्याने प्रसंग पाहावा. (सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना हे वेगळे सांगायला नको!)

पण 'जाणूनबुजून' ही पळवाटही होते. गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी टाळणाराही "विसरलो" म्हणू शकतो, आणि त्या विसरण्याची किंमत तिसराच कोणी जिवानिशी मोजतो. साखर विकणाऱ्यापेक्षा बंदूक विकणाऱ्याकडून जास्त दक्षता मागणे रास्तच. म्हणून तपासणीला मी अतिक्रमण म्हणणार नाही. परवाना घेताना दुकानदाराने ती पत्करलेली असते. तारीख चुकली तर ताकीद पुरे, चौकशीविना बंदूक विकली तर परवाना जावा. मधल्या प्रकरणांत मात्र अधिकाऱ्याने दुकानदाराचे म्हणणे बसून ऐकलेच पाहिजे.