दैव पाचवे

15 जून 2025 च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले बेल 407 हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळले आणि आतले सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे पती-पत्नी आणि त्यांची जेमतेम दोन वर्षांची मुलगी होती. दर्शन आटोपून ते परतीला लागले होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच दिवशी दिलेल्या प्राथमिक माहितीनुसार दरीच्या तोंडाशी ढग दाटले होते, समोरचे जवळजवळ काहीच दिसत नव्हते. प्रथमदर्शनी तरी वैमानिकाच्या ताब्यात असलेले हेलिकॉप्टरच डोंगरावर जाऊन आदळले होते.

तीनच दिवसांनी तुकोबांच्या पालखीने देहू सोडले. तिच्या वाटेवरच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत तेव्हा मुक्कामांची लगबग होती: पाण्याचे टँकर, मांडव, काटेवाडीच्या धोतराच्या पायघड्या, बेलवाडीच्या रिंगणाचे मैदान. यात्रेतल्या अपघाताची बातमी वारीच्या वाटेवरच्या घरांतून वेगळ्या कानाने ऐकली जाते. ‘बोलावणं आल्याशिवाय दर्शन घडत नाही’ असे मानणारी ही माणसे. मग परतीच्या वाटेवर आलेले मरणही बोलावणेच म्हणायचे का? ‘लिहिलेलं होतं’, ‘देवाच्या दारात गेले, सोनं झालं’ ही वाक्ये गावोगाव ओठांवर तयार असतात.

ज्या घरातली माणसे गेली, त्या घराला या वाक्यांचा आधार असतो आणि तो काढून घेण्याचा हक्क कोणालाच नाही. मात्र तेच वाक्य हेलिकॉप्टर कंपनीने, तिकीट विकणाऱ्याने किंवा उड्डाणाला परवानगी देणाऱ्या खात्याने उच्चारले, तर ते अधर्माचे होते. ओसरीवरचे सांत्वन आणि चौकशीच्या टेबलावरचे उत्तर यांची गल्लत झाली की पुढच्या सातांची तयारी सुरू होते. केदारनाथच्याच वाटेवर 18 ऑक्टोबर 2022 रोजी गरुडचट्टीजवळ असेच सात जण खराब हवामानात गेले होते.

दैवाचा वाटा किती, या प्रश्नावर गीतेच्या अठराव्या अध्यायात एक फार नेमका विचार आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात, असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण त्याला रांगेत शेवटी उभे केले आहे. ज्या गावांत ज्ञानेश्वरीची पारायणे बसतात, तिथे ही यादी अनोळखी नाही. ती अपघाताला मात्र क्वचितच लावली जाते.

लावून पाहावी. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह घेतात. इथे जरा मोकळीक घेऊन ती दरी धरू. केदारनाथ सुमारे 3,583 मीटरवर आहे. तिथली हवा विरळ असते, त्यामुळे पाती तेवढ्याच वेगाने फिरली तरी उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. खाली जे हेलिकॉप्टर सहज वर उठते, त्याच्याकडे इथे राखीव ताकद फारशी उरत नाही. दरी अरुंद आहे. एकदा आत शिरल्यावर ढग आडवा आला, तर वळायला जागा मिळेलच असे नाही. म्हणून डोंगरात मागे फिरण्याचा निर्णय तोंडाशीच, अजून सगळे ठीक दिसत असताना घ्यावा लागतो.

कर्ता म्हणजे वैमानिक. ही उड्डाणे डोळ्यांना दिसते त्याच्या भरवशावर चालतात. ढगात शिरल्यावर क्षितिज नाहीसे होते आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटे सांगू लागते. हेलिकॉप्टर कलत असते आणि शरीर मात्र ‘सरळ चाललोय’ अशी ग्वाही देते. अनुभवी माणसालाही हे चुकत नाही. 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांचा बळी घेणाऱ्या अपघातात हवाई दलाच्या चौकशीने हेच कारण दिले: दरीतले हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान हरपले.

करणे म्हणजे यंत्रे आणि उपकरणे. नाना हालचालींत मात्र बरीच माणसे मावतात: फेऱ्यांचे वेळापत्रक आखणारा, हवामानाची खबर पोचवणारा किंवा न पोचवणारा, खाली रांगेत ‘आमचा नंबर कधी?’ म्हणून तगादा लावणारा प्रवासी. जानेवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचे हेलिकॉप्टर टेकडीवर आदळून नऊ जण गेले. अमेरिकेच्या तपास मंडळाला वैमानिकावर कोणी दबाव आणल्याचा पुरावा मिळाला नाही. आपल्या नेहमीच्या प्रवाशाला पोचवायचेच, हे दडपण त्याने स्वतःच ओढवून घेतले असावे, असा निष्कर्ष निघाला. केदारनाथला तर प्रवाशाचे गंतव्य साक्षात देव असतो. ‘आज नाही जमणार’ म्हणणे तिथे किती जड जात असेल!

‘पायलटची चूक’ हे उत्तरही म्हणूनच ‘लिहिलेलं होतं’इतकेच आळशी आहे. पाच कारणे असताना एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असे गीता पुढे बजावते. तिथला रोख शुद्ध आत्म्याला कर्ता मानण्यावर आहे, पण चौकशी अधिकाऱ्यानेही ते वाचावे.

बारामतीकरांना उड्डाणातली ही जोखीम परकी वाटू नये. तिथल्या विमानतळावर मुले-मुली विमान चालवायला शिकतात. उड्डाणाआधी टाकीतले थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरायचे आणि तळाशी पाण्याचा थेंब साचलाय का ते पाहायचे, इथून त्यांचा दिवस सुरू होतो. तरी 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान कोसळले आणि ते एकटी चालवणारी प्रशिक्षणार्थी जखमी झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये तर चार दिवसांत दोन विमाने याच परिसरात पडली. तिन्ही वेळा कोणाचा जीव गेला नाही. पुणे जिल्ह्यातच बावधनला मात्र 2 ऑक्टोबर 2024 च्या सकाळी धुक्यात उडालेले हेलिकॉप्टर टेकड्यांत कोसळून दोन वैमानिक आणि एक अभियंता गेले. इथे ना हिमालय होता ना तीर्थक्षेत्र.

मागे फिरल्याने श्रद्धा उणी होते का? वारकऱ्यांनी याचे उत्तर 2020 मध्ये दिले आहे. वारी चुकू नये हे ज्यांचे आयुष्यभराचे मागणे, ते लाखो लोक करोनाच्या त्या वर्षी घरी बसले. पादुका कशा न्यायच्या याचा विचार करताना सरकारसमोर हेलिकॉप्टरचाही पर्याय होता. अखेर 30 जूनला त्या एसटीने पंढरपूरला गेल्या. इंदापूरचे रिंगण झाले नाही, सराटीच्या काठावर नीरास्नानाची गर्दी नव्हती. त्या वर्षीच्या वारकऱ्याला कोणी कच्चा म्हटले नाही. घरी थांबण्यातही पांडुरंगाची आज्ञा ऐकण्याची समज या परंपरेत आहे. केदारनाथच्या हेलिपॅडवर तीच समज सोबत न्यायला काय हरकत आहे?

यात्रेकरूला करता येण्यासारखे काही फार अवघड नाही. चारधामची सहल ठरवताना गुप्तकाशीला एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत. फेरी रद्द झाली तर काउंटरवर भांडू नये, पैसे परत मागावेत. पाय धड असतील तर गौरीकुंडाहून सोळा किलोमीटरची वाट आहेच, आणि पालखीबरोबर बारामतीहून इंदापूर गाठणाऱ्यांना एवढी चाल नवी नाही. सोनप्रयाग ते केदारनाथ 12.9 किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. तो झाल्यावर हेलिकॉप्टरवरचा भार हलका होईल. पण डोंगरात वारा वाढला की रोपवेही बंद ठेवावा लागतो. खाली हजारोंची रांग असताना तो बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी आणि इभ्रत शाबूत राहील, याची तजवीज रोपवेच्या करारातच लेखी असायला हवी.