आपल्या जिवाशी बोलणे



व्यसनाचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळजण मान खाली घालतात, नाहीतर शेजारच्या बाकाकडे पाहतात. दारू, सिगारेट, पत्ते, लॉटरी. घराघरांतून काय चालते हे आपण सर्वजण जाणतो. तेव्हा आज सरळच बोलू.

दाविद राजाची सिकलागची हकीकत आपल्या परिचयाची आहे. तो माणसांसह परतला तेव्हा अमालेक्यांनी गाव जाळले होते, बायकामुले धरून नेली होती. लोक रडून रडून थकले आणि दाविदालाच दगडमार करण्याची भाषा करू लागले. त्या घडीला त्याला धीर देणारे कोणी उरले नव्हते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे की त्याने परमेश्वराच्या ठायी स्वतःलाच बळ दिले. कोणत्या शब्दांनी, ते लिहिलेले नाही. पण तेहिलीमच्या १०३ व्या स्तोत्रात तो आपल्या जिवालाच हाक मारून देवाच्या उपकारांची आठवण करून देतो. असेच काहीतरी तो त्या राखेत उभा राहून बोलला असेल.

तलफ आली की आपणही जिवाशी बोलतो, पण उलटे. ‘आज एकच’ म्हणतो. किंवा ‘माझ्याने हे सुटायचे नाही’ म्हणतो. हे दुसरे वाक्य अधिक घातक, कारण ते नम्रतेसारखे दिसते.

बेराखोतमध्ये रब्बी शिमोन बेन लाकीश यांचा उपदेश आहे. येत्सेर हारा उठला की प्रथम आपल्यातली चांगली प्रेरणा त्याच्यावर सोडावी. तेवढ्याने भागले नाही तर तोरा वाचावी, मग शेमा म्हणावा, आणि काहीच चालले नाही तर मरणाचा दिवस आठवावा. मरणाचे भय शेवटी आहे, बरे का! आपल्या घरांतून मात्र सुरुवातच तेथून होते: ‘मरशील एक दिवस!’ बिचाऱ्याला आपल्यात चांगले काही आहे याची आठवण कोणी देतच नाही.

शब्बाथ पाळणारे धूम्रपानी पाहा. शुक्रवारच्या सायंकाळपासून सुमारे २५ तास सिगारेट नाही. तेल अवीव विद्यापीठाचे रूवेन दार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अशा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना कामाच्या दिवशी सिगारेट बंद ठेवायला सांगितले तेव्हा तलफ व चिडचिड अधिक झाली, शब्बाथला कमी. शरीर तेच, तंबाखूही तीच. शब्बाथला मनाशी बोलणे निराळे असते: ‘आज हा प्रश्नच नाही.’ मग मंगळवारी तलफ उठली तर जिवाला म्हणावे, ‘तू दर आठवड्याला पुरा दिवस राहतोस, ही दहा मिनिटेही राहशील.’ तलफ बहुधा काही वेळात ओसरतेच. तोवर हात रिकामे ठेवू नयेत.

मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद करू नये; फिट येऊन जिवावर बेतू शकते. त्याने आधी कुपात होलीमच्या डॉक्टरांना गाठावे. त्यात लाज नाही.

आणि किद्दुशचे निमित्त कोणी सांगू नये. कोकणात आपले वाडवडील मनुका भिजत घालून, कुसकरून, गाळून शरबत करीत आणि त्यावरच किद्दुश म्हणत. ज्या घरी कोणी दारू सोडली आहे, तेथे शुक्रवारी रात्री सर्वांनीच ते शरबत घ्यावे. त्याला एकट्याला वेगळा पेला देऊ नये.