सामाईक भिंत

गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत कुणी खिळा ठोकू लागलं की आमच्या फळीवरची फुलपात्रं थरथरायची. आई हातातलं काम टाकून भिंतीवर थाप मारायची. पलीकडून आवाज यायचा, "झालंच हो वहिनी, एकच राहिलाय." भिंत नक्की कोणाची, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

लिव्हरपूलमधल्या टॉक्स्टेथच्या केर्न्स स्ट्रीटवर मला ती थाप आठवली. केर्न्स, बीकन्सफील्ड, जर्मिन आणि ड्यूसी या ग्रॅनबी स्ट्रीटला लागून असलेल्या चार गल्ल्या. लाल विटांची घरं एकाला एक चिकटून ओळीनं उभी, आणि दोन घरांत मिळून एकच भिंत. या ओळी शिस्तीच्या हौसेतून आलेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात या बंदरातली गरीब माणसं तळघरांत आणि कोंदट चौकांत दाटीवाटीनं राहत. पटकी आणि टायफस तिथे घर करून बसत. 1847 मध्ये लिव्हरपूलनं डॉ. विल्यम डंकन यांना आरोग्य अधिकारी नेमलं. ब्रिटनमधली ही अशी पहिलीच नेमणूक. पुढे रस्ता किती रुंद हवा, घरामागे मोकळी जागा किती हवी, याचे नियम झाले. घरांच्या पाठीमागच्या बोळाला तिथले लोक 'जिगर' म्हणतात. मुंबईची घरगल्ली पाहिलेल्या माणसाला या बोळाचं काम समजावून सांगावं लागत नाही. अशा गल्लीची सरळ रेघ मला साथींची आठवण वाटते.

बंदरावर उतरलेली पश्चिम आफ्रिकेतली, कॅरिबियन, सोमाली, येमेनी कुटुंबं या भागात रुजली. ग्रॅनबी स्ट्रीट दुकानांनी गजबजलेला असे. मग बंदराचं काम आटलं, बेकारी वाढली. पोलिसांच्या जाचाविरुद्धचा राग जुलै 1981 मध्ये दंगलीत फुटला. त्यानंतर वस्ती रिकामी होत गेली, बरीच घरं पाडली गेली. 2002 पासूनच्या सरकारी 'नूतनीकरणा'तही जुन्या ओळी पाडण्यावरच भर होता. घर रिकामं झालं की दारंखिडक्या पत्र्यांनी बंद व्हायच्या.

पत्रा ठोकलेलं घर गप्प राहत नाही. त्याचं पन्हळ तुंबतं, छपरातून पाणी झिरपतं, भिंत ओल धरते. भिंत सामाईक, म्हणून ती ओल शेजारच्या नांदत्या घरात उतरते. तिथला कागद सुटतो, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येतो, आणि एक दिवस तेही कुटुंब कंटाळून निघून जातं. अशी आख्खी ओळ आजारी पडते. मग ती पाडण्याजोगीच होती, असं म्हणायला सगळे मोकळे.

जे उरले, त्यांत बायका पुढे होत्या. त्यांनी गल्ली झाडली, फुटपाथवर कुंड्या मांडल्या, बंद घरांच्या दर्शनी भागांवर चित्रं रंगवली, रस्त्यावर महिन्याचा बाजार भरवला. 2011 मध्ये रहिवाशांनी स्वतःचा जमीन-न्यास काढला आणि केर्न्स स्ट्रीटवरची दहा घरं दुरुस्तीला घेतली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या 'असेंबल' या तरुण वास्तुरचनाकारांच्या गटाला 2015 चं टर्नर कला-पारितोषिक मिळालं. तो सन्मान योग्यच होता. पण माझं मन त्याच्या आधीच्या वर्षांत अडकतं, जेव्हा कुणी बघत नसताना कुंड्यांना पाणी घातलं जात होतं.

जवळच 'वेल्श स्ट्रीट्स' आहेत. वेल्श कारागिरांनी बांधलेल्या या गल्ल्यांना वेल्समधल्या ठिकाणांची नावं आहेत. तिथल्या मॅड्रिन स्ट्रीटवर नऊ नंबरात 1940 मध्ये बीटल्सचा रिंगो स्टार जन्मला. बाकीच्या गल्ल्या पाडायच्या असताना ते घर मात्र राखायचं ठरलं. चाहत्यांचं प्रेम मी समजू शकते. पण सात आणि अकरा नंबरांशिवाय नऊ नंबर हे ते घर राहील का? रिंगोच्या जन्माच्या वेळी भिंतीपलीकडे कुणीतरी होतंच ना! 2015 च्या सुरुवातीला केंद्रीय मंत्र्यांनी सरसकट पाडकामाला परवानगी नाकारली आणि नंतर बहुतेक घरं दुरुस्त होऊन पुन्हा नांदती झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

केर्न्स स्ट्रीटवरची दोन घरं मात्र आतून पार ढासळली होती. त्यांत पुन्हा खोल्या केल्या नाहीत. वर काच घातली, आत माती आणून झाडं लावली. 2019 पासून ती गल्लीची बाग आहे. जिथे जिना आणि माळा होता तिथे आता फांद्या वर जातात, आणि दोन्ही कडांच्या सामाईक भिंतींपलीकडे लोक राहतात.