पाच मुलांचा निकाल

जयपूरच्या एखाद्या कच्च्या बस्तीतली, म्हणजे झोपडपट्टीतली, सरकारी प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणू. पहिली ते पाचवी मिळून पट चाळीसच्या आसपास, शिक्षक दोन आणि पाचवीत मुले पाच. राजस्थानात पाचवीची परीक्षा राज्य पातळीवर होते आणि निकाल श्रेणींत लागतो. पाचांतले एक मूल ऐन परीक्षेत तापाने पडले, तर शाळेचा निकाल वीस टक्क्यांनी घसरतो. पुढच्या वर्षी एक हुशार मुलगी पाचवीत आली की तो तेवढाच वर चढतो. शिक्षक तेच आणि शिकवणेही तेच, पण कागदावर एका वर्षी ही शाळा ‘कमकुवत’ ठरते आणि दुसऱ्या वर्षी ‘उत्तम’.

हा प्रश्न एकट्या जयपूरचा नाही. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांचे निकाल तपासून 2002 मध्ये दाखवून दिले, की गुणवत्ता यादीच्या माथ्यावर आणि तळाशी लहान शाळाच जास्त दिसतात. मुले थोडी असली की योगायोगाचे वजन वाढते, एवढेच त्यामागचे कारण. तरीही आपल्याकडे लहान शाळेच्या एका वर्षाच्या निकालावरून शिक्षकाची लायकी ठरवली जाते. हे मला सरळ अन्यायाचे वाटते.

निकालापेक्षा महत्त्वाचा आहे तो पट, म्हणजे शाळेत येते कोण हा प्रश्न. जयपूर कारागिरांचे शहर आहे. नगीने घासणारे, लाखेच्या बांगड्या करणारे, सांगानेरला कापड छापणारे, नव्या वसाहतींच्या बांधकामांवर राबणारे, भंगार वेचणारे अशा अनेकांच्या घरची मुले या शाळांत येतात. काही घरांत ढूंढाडी बोलतात, काही घरे बिहार-बंगालमधून आलेली. पुस्तक मात्र प्रमाण हिंदीतले. ज्याला महिन्याला चारपाचशे रुपये फी झेपते तो बाप मुलाला गल्लीतल्या खासगी शाळेत घालतो. शिक्षण हक्क कायद्यातली 25 टक्के राखीव जागा पकडण्याची खटपट ज्यांना जमते, ती घरेही सरकारी शाळेतून बाहेर पडतात. एकाच घरातला मुलगा खासगी शाळेत आणि त्याची बहीण सरकारी शाळेत, ही वाटणी तर राजस्थानात जुनीच. अशा गाळणीतून जी मुले खाली उरतात, त्यांचा हा पट. त्यातही काम संपले की कुटुंब गाठोडे बांधून निघून जाते. वर्षारंभी नाव घातलेले मूल परीक्षेला असेलच असे नाही, आणि परीक्षेला बसलेले मूल दिवाळीनंतर आलेले असू शकते. अशा वेळी निकालपत्रक नेमके कोणाच्या शिकवण्याचे मोजमाप करते?

घरची परिस्थितीच सगळे ठरवते, असे मात्र मला म्हणायचे नाही. 1966 च्या कोलमन अहवालाने अमेरिकेपुरता जवळपास तसा निष्कर्ष काढला होता. पण स्टीफन हाइनमन आणि विल्यम लॉक्सले यांनी 1983 मध्ये 29 देशांची तुलना केली, तेव्हा वेगळे चित्र दिसले : देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा प्रभाव मोठा. ज्याच्या घरात पुस्तक नाही, त्याच्यासाठी शाळा हेच पुस्तक असते. आपल्याकडचा पुरावाही आहे. आंध्र प्रदेशात 2008 पासून सोडत काढून काही सरकारी शाळांतल्या मुलांना खासगी शाळेत पाठवले गेले. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात त्यांच्यात आणि मागे राहिलेल्या मुलांत फरक आढळला नाही. खासगी शाळांत हिंदी मात्र सुधारले होते. त्या शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता, हे नोंदवायलाच हवे. पण ‘सरकारी शाळेत मूल शिकत नाही’ या समजाचा मोठा भाग पटातल्या फरकातून आला आहे, हेही त्यातून स्पष्ट होते.

मग अशा पटाला शिकवायचे कसे? याचे एक उत्तर जयपूरमध्येच घडले. 1987 मध्ये गोकुळपुरीच्या कच्च्या बस्तीत ‘बोध शिक्षा समिती’चे काम सुरू झाले, ते वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊनच. तिथे मुलांना इयत्तेच्या चौकटीत न बसवता, ज्याला जे येते त्यानुसार समूह करून शिकवले. त्याआधी, 1978 मध्ये, जयपूरलाच ‘दिगंतर’ या संस्थेची छोटी शाळा सुरू झाली होती. तिनेही इयत्ता आणि परीक्षा बाजूला ठेवल्या. दोन शिक्षकांना पाच इयत्ता सांभाळायच्या असतील तर त्यांना लागते ती नेमकी हीच विद्या. आपल्या अध्यापक विद्यालयांत मात्र आजही एक वर्ग, एक इयत्ता, एक धडा असेच गृहीत धरून शिकवले जाते.

सरकारांनी दुसरा मार्ग धरला. राजस्थानने 2014 मध्ये सुमारे 17 हजार शाळांचे एकीकरण केले, आणि जानेवारी 2025 मध्ये आणखी साडेचारशेच्या आसपास शाळा बंद किंवा विलीन केल्या. महाराष्ट्रातही वीसपेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून अधिक शाळांवर समूह शाळेत विलीन होण्याची टांगती तलवार आहे. मूलच नसलेली शाळा चालू ठेवा, असे कोणी म्हणणार नाही. पण नगीने घासणाऱ्याच्या सात वर्षांच्या मुलीला वाहता महामार्ग ओलांडून दुसऱ्या शाळेत जायचे असेल, तर ती कुठेच जाणार नाही. पटावरून तिचे नाव जाईल आणि दुसऱ्या शाळेचा निकाल आहे तसाच राहील. शाळा बंद करण्याच्या निर्णयात हे नुकसान कुठेच मांडलेले नसते.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. तुम्ही अशा समितीवर असाल, तर टक्केवारी विचारू नका. वर्षारंभी पटावर असलेल्या मुलांपैकी आज किती वर्गात आहेत, ते विचारा. प्रत्येक मूल तेव्हा काय वाचू शकत होते आणि आज काय वाचते, ते एकेका नावानिशी विचारा. चाळीस मुलांची शाळा असेल, तर हे सगळे एका दुपारी विचारून होते.