वेदी, तंबू आणि विहीर

शास्त्रभाग : उत्पत्ति 26:12-33

अब्राहाम, इसहाक आणि याकोब या तीन पूर्वजांपैकी इसहाकावर आपल्या मंडळ्यांत फारसे उपदेश होत नाहीत. अब्राहामाने देवाच्या हाकेसरशी आपला देश सोडला. याकोब घरातून पळाला, परमुलखात राबला, रात्रभर झोंबी करून लंगडत परतला. इसहाकाच्या आयुष्यात असे काही दिसत नाही. त्याने एकच लग्न केले, शेत पेरले, गुरे राखली, विहिरी खणल्या, आणि ज्या मुलखात जन्मला त्याच मुलखात तो वृद्ध होऊन मरण पावला. मात्र या तिघांपैकी पेरणीचा आणि कापणीचा स्पष्ट उल्लेख शास्त्र त्याच्याविषयीच करते. शेतावर वस्ती करून राहणारा कष्टाळू शेतकरी आणि गृहस्थ, हीच त्याची ओळख. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य अब्राहामापेक्षा इसहाकाच्याच आयुष्याशी जुळते. म्हणून त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहणे आपल्या हिताचे आहे.

त्याची पेरणी सुकाळात झाली नव्हती. देशात दुष्काळ होता आणि मिसराची वाट मोकळी होती. देवाने त्याला तिकडे न जाण्याची आज्ञा केली. तो राहिला, त्याने परक्यांच्या भूमीत बी टाकले, आणि त्याच वर्षी देवाने त्याला शंभरपट पीक दिले. दुष्काळात पेरणारा माणूस हातचे धान्य मातीत टाकतो. त्या दाण्याचे आज जेवण होऊ शकले असते. म्हणून प्रत्येक पेरणी हे विश्वासाचेच कृत्य आहे, मग शेतकऱ्याने ते तोंडाने बोलून दाखवो अथवा न दाखवो.

आता आपल्या देशातील एका जागेकडे वळू. बंगळुरूच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. आपल्या कित्येक मंडळ्यांतील तरुण नोकरीनिमित्त तेथे राहतात. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांच्या डोळ्यांसमोर काचेच्या उंच इमारती, गाड्यांच्या रांगा आणि संगणकांची कार्यालये येतील. परंतु ही जागा मुळात शेतकरी कुटुंबांसाठी वसवण्यात आली होती. 1876 ते 1878 या वर्षांत म्हैसूर संस्थानाने आणि आपल्या दख्खनने भीषण दुष्काळ सोसला. 1881 साली संस्थानाचा कारभार पुन्हा वडेयार घराण्याकडे आला, आणि 1882 साली महाराजा चामराजेंद्र वडेयार यांनी सुमारे 3,900 एकर जमीन त्या काळी युरेशियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अँग्लो-इंडियन ख्रिस्ती समाजाच्या संघटनेस शेतीवस्तीसाठी दिली. या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वस्तीला व्हाइटफील्ड हे नाव पडले.

यामागचा विचार साधा होता. रेल्वे, तारखाते आणि सरकारी कचेऱ्या यांतील लहानसहान नोकऱ्यांवर हा समाज अवलंबून होता. नोकरी गेली की घर गेले, अशी अवस्था होती. आपल्या लोकांनी जमिनीवर घर करावे, स्वतःच्या श्रमाने पिकवावे आणि मुलांना ठाव द्यावा, अशी व्हाइट यांची इच्छा होती. वस्तीची आखणी वर्तुळाकार करण्यात आली. मधोमध सर्वांची मोकळी जागा, तिच्या सभोवती बागा असलेली घरे, आणि त्यापलीकडे शेते. उपासनेसाठी मंदिरेही उभी राहिली. तेथील मेमोरियल चर्च आजही आहे. इनर सर्कल आणि आउटर सर्कल ही रस्त्यांची नावे त्या जुन्या आखणीची साक्ष देतात.

वस्ती अपेक्षेइतकी वाढली नाही. लेखणी धरणाऱ्या हातांना नांगर धरणे सोपे नव्हते. भूमी तांबडी, बारमाही नदी जवळ नाही, पाऊस येईल तेवढाच भरवसा. मुले मोठी होऊन पुन्हा नोकऱ्यांकडे वळली, आणि 1947 नंतर या समाजातील अनेक कुटुंबे परदेशी गेली. 1990 नंतरच्या दशकात तेथे माहिती-तंत्रज्ञानाचे मोठे उद्यान आले आणि शेतांचे भूखंड झाले. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, जमीन जाते, घर पडते, तेव्हा शेतकऱ्याने आपल्या मुलाबाळांसाठी मागे काय ठेवलेले असते?

याचे उत्तर आपल्या शास्त्रभागाच्या 25व्या वचनात आहे. बैर-शेबा येथे आल्यावर इसहाकाने काय काय केले, हे तेथे क्रमाने सांगितले आहे. त्याने प्रथम वेदी बांधली आणि परमेश्वराचे नाव घेतले. मग तंबू दिला. मग त्याच्या चाकरांनी विहीर खणली. वेदी, तंबू, विहीर. उपासना, कुटुंब, उद्योग. हा क्रम ध्यानात ठेवा.

आपला क्रम बहुधा उलट असतो. आधी विहीर, म्हणजे उत्पन्नाची सोय. ती लागली की घर. घर झाले, हप्ते फिटले, मुले मार्गी लागली, की मग वेदीसाठी वेळ काढू असे आपण म्हणतो. एक विहीर लागली की दुसरी खणावीशी वाटते, आणि वेदीचे दगड अंगणात तसेच पडून राहतात. शेतकऱ्याच्या घरात दिवेलागणीला होणारी कुटुंब-उपासना ही काही पुढारलेल्या सुशिक्षितांची चाल नव्हती. दिवसभर ढेकळे फोडून आलेला बाप हातपाय धुऊन बसे, अक्षरओळख असलेला मुलगा शास्त्र वाची, आई गीत धरी. त्या पंधरा मिनिटांनी पुष्कळ घरे सावरली आहेत. आज बाराव्या मजल्यावरच्या घरात दिवेलागण होत नाही, बटण दाबले की उजेड पडतो; परंतु वेदी बटणाने उभी राहत नाही.

दुसरी गोष्ट तंबूची. येथे शास्त्र इसहाकाची बाजू झाकत नाही. त्याचे शेत शंभरपट पिकले, पण त्याचे घर दुभंगले. शिकारीचे मांस आवडे म्हणून त्याचे एसावावर प्रेम होते, आणि रिबकेचे याकोबावर. एका तंबूत दोन पक्ष झाले. याच 26व्या अध्यायाच्या शेवटी एसावाच्या विवाहांमुळे आईबापांच्या मनाला झालेल्या दुःखाची नोंद आहे. आणि पुढच्या अध्यायात म्हातारपणी दृष्टी मंदावलेल्या बापाला घरातल्याच माणसांनी फसवले. पाण्याचा झरा मातीखाली किती खोल आहे हे ओळखणाऱ्या माणसाला आपल्या मुलांच्या मनात काय साचते आहे, हे ओळखता आले नाही.

बापांनो, हे आपल्यासाठी लिहिले आहे. पिकाला पाणी कधी द्यावे, रोप कधी बांधावे, तण कधी काढावे हे शेतकरी जाणतो. यशयाच्या 28व्या अध्यायाच्या शेवटी संदेष्टा सांगतो की, ही समज त्याला देवच देतो. म्हणूनच तो प्रत्येक धान्याला त्याच्या जातीप्रमाणे वागवतो, सर्वांवर सारखाच घणाचा घाव घालीत नाही. मग मुलांच्या बाबतीत ही समज आपण का वापरत नाही? एक मूल बोलके असते, एक अबोल. एक पुस्तकात रमते, एक मातीत. बीज ज्याने दिले त्याने त्यांच्या जाती ठरवल्या आहेत. आपल्याकडे राखण आहे. जो बाप एकाला जवळ घेतो आणि दुसऱ्याला बांधावर उभे ठेवतो, त्याच्या शेताची वाटणी सातबाऱ्यावर होण्याच्या पुष्कळ आधी मनांत झालेली असते.

तिसरी गोष्ट विहिरीची. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. हेवा मनुष्याला किती आंधळा करतो पाहा! पाणी त्यांच्याही उपयोगाचे होते. तरी दुसऱ्याला मिळू नये म्हणून त्यांनी ते सर्वांसाठीच बंद केले. इसहाकाने त्या विहिरी पुन्हा उपसल्या आणि बापाने ठेवलेली नावेच त्यांना दिली. नवीन खणल्या त्यांवर भांडण झाले. एकीला त्याने एसेक म्हटले, म्हणजे तंटा. दुसरीला सितना, म्हणजे वैर. दोन्ही वेळा तो सोडून पुढे गेला. तिसरीवर कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले, म्हणजे ऐसपैस जागा.

विहिरी बुजवणारे आजही आहेत, आणि ते नेहमी परके असतातच असे नाही. बंगळुरू हे तळ्यांचे नगर होते. शेतकऱ्यांसाठी पूर्वजांनी बांधलेल्या तळ्यांतले धर्मांबुधी तळे जेथे होते तेथे आज शहराचे मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण झाले. व्हाइटफील्डजवळच्या वर्तूर तळ्यावर सांडपाण्याचा फेस तरंगताना देशाने वर्तमानपत्रांत पाहिला. 2024च्या उन्हाळ्यात याच शहरात कूपनलिका आटल्या आणि लाखोंच्या इमारतींतले लोक टँकरची वाट पाहत राहिले. भूमी परमेश्वराची आहे आणि आपण तिच्यावर उपरी आहोत, असे लेवीय 25 सांगते. ज्याने हे मानले नाही त्याने आपल्याच नातवाची विहीर बुजवली.

आपल्या लोकांनाही बुजलेल्या विहिरींचा अनुभव आहे. ख्रिस्ताचे नाव घेतल्यामुळे वडिलोपार्जित हक्क जाऊ नये यासाठी 1850 साली कायदा करावा लागला. आणि ज्यांना जन्माच्या नावाखाली गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू दिला जात नव्हता, असे अनेक जण आपल्या मंडळ्यांचे पूर्वज आहेत. 1868 साली पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना मोकळा केला. आपण स्वतःला विचारावे : तहान सोसलेल्यांची आपण मुले, आपल्या दारची विहीर कोणासाठी मोकळी आहे? भाऊबंदकीत बांधाच्या हातभर जमिनीसाठी न्यायालयात वर्षे घालवणाऱ्या ख्रिस्ती भावांनी तर इसहाकाकडे पुन्हा पाहावे. तो दुबळा म्हणून सरकला नाही. त्याचा वाढलेला प्रताप पाहूनच अबीमलेखाने त्याला दूर जाण्यास सांगितले होते. पाणी देणारा देव पुढच्या मुक्कामीही आहे, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच विहीर सोडता येते.

आणि या कथेचा शेवट किती सुंदर आहे! ज्यांनी त्याला घालवून दिले तेच त्याच्याकडे सलोख्यासाठी आले. इसहाकाने त्यांना जेवू घातले, सकाळी शपथ झाली, आणि ते शांतीने निघून गेले. त्याच दिवशी चाकरांनी येऊन सांगितले की, पाणी लागले.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी काहींकडे अजून जमीन आहे. तिची सेवा करा. ती विकावी की राखावी याचा निर्णय केवळ भावावरून करू नका, गुडघ्यांवर करा. काहींची जमीन केव्हाच गेली, आणि आता दोन खोल्यांचे घर तेवढे उरले आहे. आपणही निराश होऊ नका. इसहाकाच्या नावावरही तेथे वतन नव्हते. तो वचनाचा वारस असून तंबूत राहिला. आजच्या रात्री टेबलावरचा पसारा बाजूला सारून शास्त्र उघडा. तेथे वेदी उभी राहील. ज्या मुलाशी अनेक दिवसांत धड बोलणे झाले नाही त्याला जवळ बसवा. तंबूची दोरी ताणली जाईल. ज्या भावाशी वैर आहे त्याला जेवायला बोलवा. पाणी कोठे लागेल, हे देवाकडे सोपवा.

हे प्रभू, आम्ही तुझ्या भूमीवर उपरी आहोत. आमच्या घरांत तुझी वेदी प्रथम असू दे, आमची मुले एकमेकांस पारखी होऊ देऊ नकोस, आणि आम्ही खणलेले पाणी आमच्यामागून येणाऱ्यांना गोड लागू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.