रूपाला, कोकरांच्या माव्याबद्दल

दहिवडी,
१२ जानेवारी

चि. रूपा,


तू काल पाठवलेले फोटो रात्री मोठे करून दोनदा पाहिले. ओठांच्या कडेला काळपट, जाड खपल्या, दोन कोकरांच्या तर नाकपुडीपर्यंत गेलेल्या. आणि त्या छोट्या चित्रफितीतलं पांढऱ्या कानाचं कोकरू आचळापाशी तोंड नेतं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतं. हा मावा असावा. फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून तेव्हा एवढंच म्हणालो की घाबरू नकोस. बाकीचं सावकाश लिहितो. कागद गोठ्यात खुंटीला लावून ठेवता येतो.

पण आधी एक काम कर. थर्मामीटर घे आणि अकराही कोकरांचा ताप बघ. कोकराचं अंग १०२ ते १०३ अंश असतंच. मात्र १०५-१०६ ताप, डोळ्यानाकातून घट्ट चिकट स्राव आणि पातळ हगवण असेल, तोंडाच्या आतली कातडी पांढुरकी होऊन सोलत असेल आणि मोठ्या मेंढ्याही सुस्त पडल्या असतील, तर पीपीआरची शंका घ्यायची. ताप आणि बगलेत, जांघेत, शेपटीखाली गाठी असतील तर देवी. या दोन्हींत एक दिवससुद्धा थांबायचं नाही, दवाखान्यात कळवायचं. लाळ्या खुरकुतातही तोंड येतं आणि जनावर लंगडतं, म्हणून खूरही उचलून बघ. माव्यातही कधी खुराच्या वरच्या कडेला फोड येतात, तेव्हा नुसत्या लंगडण्यावरून काही ठरवू नकोस. डॉक्टरांना एकदा कळप दाखवच. फोटोवरून निदान करण्याची सवय मला नाही आणि तुलाही लागू नये.

मावाच ठरला, तर तो देवीच्याच कुळातल्या एका विषाणूचा रोग आहे. अख्ख्या कातडीतून तो आत शिरत नाही, त्याला ओरखडा लागतो. तू म्हणालीस की बाभळीच्या शेंगा आणि वाळलेला कडबा चालू केल्यावर आठवड्याभरात हे दिसलं. तसंच होतं. कोवळ्या ओठाला काटा लागतो, धसकट टोचतं आणि त्या वाटेनं रोग आत जातो. आधी लालसर पुरळ, मग फोड, मग खपली. तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळून खालची कातडी साफ निघते. विषाणू मारणारं औषध आपल्याकडं नाही, आणि तसं ते लागतही नाही. कोकराचं शरीर ते काम स्वतः करतं. आपल्याला एवढंच बघायचं असतं की तोवर ते उपाशी राहू नये.

हे मी नोकरीत शिकलो नाही. ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून फिरलो, पण हे शिकलो माझ्या आईकडून, म्हणजे तुझ्या पणजीकडून. वाडा रानात उतरला की बाप्ये मेंढरं घेऊन चारणीला जायचे आणि कोकरं तळावर बायांकडं राहायची. डालग्याखाली झाकलेली, वाघरीत कोंडलेली, रात्रभर ओरडणारी. एका वर्षी आमच्या आणि शेजारच्या वाड्यात एकदमच मावा आला. शेजारच्यांनी खरबरीत फडक्यानं खपल्या घासून काढल्या, रक्त आल्यावर मीठ चोळलं. रोग रक्तावाटे निघून जातो असं तेव्हा मानायचे. आईनं कोकरांच्या तोंडाला हात लावला तो फक्त हळद घातलेलं तेल लावायला. दिवसातून पाच वेळा मेंढ्यांचं दूध वाटीत पिळून, बोट बुडवून बुडवून ती ते चाटवायची. आमची सगळी जगली. शेजारच्यांची तोंडं सुजली, जखमांत अळ्या पडल्या आणि नऊ कोकरं गेली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. ती नऊ कोकरं ओघळीत पुरली ती जागा अजून दाखवीन तुला. पुढं नोकरीत माव्यानं मेलेली म्हणून जी कोकरं मला दाखवली, त्यांतली बहुतेक पोट खपाटीला गेलेली होती.

म्हणून खपली ओढू नकोस. लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, १ ग्रॅम १० लिटर कोमट पाण्यात विरघळव. पाणी फिकं गुलाबी दिसलं पाहिजे, गडद जांभळं झालं तर कातडी भाजेल. त्यात भिजवलेल्या कापसानं तोंड टिपायचं, घासायचं नाही. वाळलं की बोरिक पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून लावायची, सकाळ-संध्याकाळ. त्यानं खपल्या मऊ राहतात आणि भेगा पडत नाहीत, तोंड उघडताना कमी दुखतं. पू दिसला, वास आला, जबडा सुजला तर समजायचं की वरून दुसरे जंतू बसलेत. तेव्हा प्रतिजैविक लागतं, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टर सांगतील. बाजारात कुणी बाटली हातात ठेवली म्हणून टोचू नकोस. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी मला फोन कर.

आता खाणं. कडबा आणि शेंगा कोकरांपुढून आजच काढ. शेवरीचा कोवळा पाला दे, नाहीतर लसूणघास बारीक कापून दे. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज महिन्यावरच्या कोकरांना चालते. जे पीतच नाही त्याला त्याच्या आईचं दूध पिळून दे, कमी पडलं तर घरच्या शेळीचं. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं दूध तरी दिवसात पोटात गेलं पाहिजे, म्हणजे सहा किलोच्या कोकराला कमीत कमी ६०० मिलिलिटर. पाच वेळा विभागून दे. मान वर ताणून घशात ओतू नकोस, दूध श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाचा आजार होऊन कोकरू दोन दिवसांत जातं. बाटलीचं निपल प्रत्येक वेळी उकळ, आणि आजाऱ्याचं निपल निरोग्याला कधीच लावू नकोस.

मेंढ्यांच्या कासा रोज बघ. फोड आलेल्या तोंडानं कोकरू लुचलं की आचळाला फोड येतात, मेंढी लाथ मारते, दूध साठतं आणि कास दगडासारखी होते. मग दगडी बरी करायची की उपाशी कोकरू सांभाळायचं, अशी पाळी येते. जुळ्यांवर जास्त लक्ष ठेव. पोट भरलं नाही की ती दुसऱ्या मेंढीला लुचायला जातात आणि रोग कासेवरून कासेवर नेतात.

आता तुझ्या बाबांना वाचून दाखव अशी गोष्ट. गळालेल्या खपलीत हा विषाणू कोरड्या जागी महिनोन् महिने, कधी वर्षभरही, जिवंत राहतो. वाड्यावर वाघर दर दोन-तीन दिवसांनी नव्या शेतात लागायची. खतासाठी मेंढरं बसवायची आणि पुढं निघायचं. खपल्या मागं उन्हापावसात पडून राहायच्या, कोकरं पुढं गेलेली असायची. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं ते, पण त्यात कोकरांची राखण होती. आता पक्कं शेड झालं, मेंढरं एका जागी आली, तुझी शाळा सुटली नाही, याचा मला आनंदच आहे. पण त्याच कोपऱ्यात, त्याच लाकडी गव्हाणीत दर वर्षी नवी कोकरं येतात आणि मागच्या वर्षीच्या खपल्या तिथंच असतात. गेल्या वर्षीही तुमच्याकडं दोन-चार कोकरांना हे झालं होतं, आठवतं का? म्हणून आजारी कोकरं वेगळ्या खणात ठेव. खाली पडलेल्या खपल्या आणि झाडलोट जाळून टाक, उकिरड्यावर टाकू नकोस. गव्हाणीच्या फटी खरवडून धू, जमिनीवर चुना मार आणि तो खण पुढच्या वेतापर्यंत कोकरांना देऊ नकोस. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं. याबाबतीत बाबा ऐकत नाहीत, मला ठाऊक आहे.

लस का देत नाहीत, असं तू विचारलंस. काही देशांत देतात. ती जिवंत विषाणूची असते, कातडीवर ओरखडा काढून लावतात, आणि तिच्याही खपल्यांतून विषाणू गोठ्यात येतो. म्हणून ज्या कळपात रोग नाही तिथं ती देत नाहीत. एकदा होऊन गेलेल्या मेंढीला पुन्हा झाला तर बहुधा हलका होतो. मात्र तिच्या चिकातून कोकराला म्हणावं तसं संरक्षण मिळत नाही. त्यामुळं मेंढी बरी झाली म्हणून कोकरांबद्दल निर्धास्त राहू नकोस.

आणि तुझे हात. फोटोत एका कोकराचा जबडा तू उघड्या हातानं धरलेला दिसतोय. मावा माणसाला होतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी तसाच हातमोज्यांवाचून औषध पाजत होतो. अंगठ्यावर चिरलेलं होतं, तिथं लाल-निळसर गाठ आली, मधून ओली आणि कडेनं पांढरी. एकानं ती कापून टाकायला सांगितली, मीही कापायला निघालो होतो. एका जुन्या डॉक्टरांनी हात धरला आणि म्हणाले, झाकून ठेव, जाईल. सहा आठवड्यांनी गेली. रबरी मोजे घाल, काम झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धू. गाठ आलीच तर फोडू-कापू नकोस, डॉक्टरांना दाखव आणि मेंढरांत काम करतेस हे आवर्जून सांग. आजीला साखरेचा त्रास आहे, तिला काही दिवस कोकरांजवळ येऊ देऊ नकोस. छोट्या सुमितला कोकराच्या तोंडाला तोंड लावायची सवय आहे, त्याच्यावर लक्ष ठेव.

गुरुवारच्या एस.टी.नं मी येतोय. तोवर एका वहीत अकरा ओळी आखून ठेव, एकेका कोकराची एकेक. रोज सकाळी ताणकाट्यावर वजन आणि पुढं किती वेळा प्यालं ते लिही. पांढऱ्या कानाच्याचं आज संध्याकाळचं वजन मला फोनवर सांग, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
आजा