धुराडं आधी, स्टोव्ह मागून

चिखली

प्रिय बाबू,


तू पाठवलेले फोटो दादाने मोठे करकरून दाखवले. शेफिल्डचं ते जुनं दगडी घर, बैठकीच्या भिंतीतली शेकोटीची जागा, आणि तिथं बसवायचा काळा लोखंडी स्टोव्ह. सूनबाईला आवडलाय म्हणतोस. मलाही आवडला. पण स्टोव्हचा रंग, काचेचं दार, किंमत, सगळं सांगितलंस आणि धुराड्याबद्दल मात्र अक्षर नाही. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि विसरतोस.

इकडे सोयाबीन निघालं, भाव नेहमीसारखा पडलेला. कापसाची पहिली वेचणी चालू आहे आणि मजुरांची वानवा आहे. वहिनीचा गुडघा दुखतोच, तरी शेगावला जाऊन आली.

निर्धूर चुली बसवायच्या कामावर मी किती वर्षं फिरले ते तुला माहीत आहे. सरकारची सुधारित चुलीची योजना 1983 पासून देशभर चालली, त्याच्याही आधी वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल होती. चूल घालणं अवघड नव्हतंच. माती, भुसा, शेण कालवलं, साचा ठेवला की झाली. खरं काम पाइपाचं. तो आढ्याच्या वर गेला पाहिजे, नाहीतर वारा छपरावर आपटून धूर उलटा घरात लोटतो. सांधे नीट लिंपायचे आणि काजळी वरचेवर काढायची. ती कोणी काढत नसे. मग पाइप तुंबायचा, घरात धूर कोंडायचा, बाई वैतागून पाइपच उपटायची आणि म्हणायची, आमची जुनी चूल काय वाईट होती! मेहकरकडच्या एका गावात पाइपाच्या टोपीत कुणी तुळस लावलेली मी पाहिली. चांगली फोफावली होती.

तेव्हा तुझं धुराडं आधी तपास. इतक्या वर्षांत आत पाखरांची घरटी असतील, विटांचे सांधे झिजले असतील. तुमची घरं एकाला एक चिकटलेली. आत कुठं तडा असला तर तुझा धूर शेजाऱ्याच्या खोलीत निघेल, नाहीतर तुझ्याच माडीवर, जिथं बाळाचा पाळणा आहे. स्टोव्हचे पैसे भरायच्या आधी धुराडं झाडणाऱ्याला बोलव, धुराची चाचणी करून घे, आतून स्टीलची नळी सोडावी लागेल का ते विचार. थंडी पडली की त्या लोकांची तारीख मिळत नाही म्हणतात, म्हणून याच आठवड्यात फोन कर.

अंगणातला तांब्याचा बंब आठवतो? पेटवायचं काम तुझं असायचं. जाळीत राख साचली की तो नुसता धुमसायचा, आणि राख ओढली की नळीत घूं आवाज सुरू होऊन पाणी चटकन तापायचं. तुझा स्टोव्ह त्याच जातीचा. पोट बंद, खालून मोजकी हवा, वर धुराला ओढ. उघड्या शेकोटीतली बहुतेक ऊब आभाळात जाते, चांगला बंद स्टोव्ह लाकडातली तीन-चतुर्थांश ऊब खोलीत ठेवतो. त्यामुळे घ्यायला माझी ना नाही. पण 8 किलोवॉटचा कशाला? खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची आणि 14 ने भागायचं, असा तिकडचा ढोबळ हिशेब आहे. तुझी बैठक 4 बाय 5, उंची अडीच. 50 भागिले 14, म्हणजे साडेतीनच्या आसपास. मोठा घेतलास तर उकाड्यानं बसवणार नाही, मग तू हवा कोंडशील, लाकूड धुमसेल, नळीत काळं चिकट डांबर साठेल आणि एक दिवस तेच पेट घेईल. शिवाय 5 किलोवॉटच्या वर गेलास की बाहेरची हवा यायला भिंतीत कायमचं भोक ठेवावं लागतं. मोठ्या खरेदीचा सोस आपल्या घराण्यातच आहे म्हणा. दादा पाच एकरांसाठी घेतलेल्या ट्रॅक्टरचे हप्ते अजून भरतोय.

लाकडाचंही तसंच. आम्ही पऱ्हाटी-तुऱ्हाटी उन्हाळाभर वाळवतो, तरी एखादी ओली निघाली की डोळे काढते. तिकडे ऊन कुठलं! फोडलेलं लाकूड वर्ष-दोन वर्षं वारं लागेल असं रचून ठेवावं लागतं, ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. 2021 पासून इंग्लंडात थोड्या मापात विकायच्या लाकडावर 'रेडी टू बर्न' अशी खूण असते, ती पाहूनच घे. रंगवलेल्या जुन्या फळ्या फुकट मिळाल्या तरी आत घालू नको. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाचा धूर बसला, हजारो माणसं गेली, त्यानंतर 1956 ला त्यांनी धुराचा कायदा केला. शेफिल्ड बहुतेक सगळं त्या धूरबंदीत येतं. तिथं डेफ्राची, म्हणजे तिकडच्या पर्यावरण खात्याची, सूट मिळालेलाच स्टोव्ह घे, नाहीतर धूर ओकला की 300 पौंडांपर्यंत दंड.

आता मनातलं लिहिते. तू जानेवारीतला. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आईनं खिडकीत गोधडी कोंबली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, त्यावर ओवा अन् बाळंतशेपा. सकाळी वहिनीचं डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या, तू मलूल, दूध ओढेनास. आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला निघाली. तेवढ्यात सुईण आली. तिनं आधी गोधडी ओढली, दार सताड उघडलं, शेगडी अंगणात नेली. बऱ्याच वेळानं तू रडलास तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला. कार्बन मोनॉक्साइड हे नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला ना वास ना रंग. डोळे चुरचुरत नाहीत म्हणून माणूस बेसावध राहतो.

तुझ्याही घरात आता पाळणा आहे. ओळखीचा मिस्त्री स्वस्तात बसवून देतो म्हणालास, तो नको. असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंद ठेवणारी हेटास म्हणून संस्था आहे, तिच्याकडे नोंद असलेलाच माणूस बोलव आणि काम झाल्यावर प्रमाणपत्र घे. मोनॉक्साइडचा अलार्म तर कायद्यानंच लागतो. तो स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर लावायचा, आणि एक जास्तीचा निजायच्या खोलीत लाव, पैसे मी देते. वाजला तर स्टोव्ह विझवत बसू नको, बाळाला उचल आणि बाहेर पड. घरात डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, असं सूनबाई कधी म्हणाली तर तो थकवा समजू नको. आणि कितीही चांगला स्टोव्ह असला तरी दार उघडलं की थोडा बारीक धूर खोलीत येतोच. तुमच्याकडे गॅसचं हीटिंग आहे ना? मग बाळ मोठं होईतो सणावारीच पेटव. तू म्हणशील, आत्या स्वतः चुलीवर भाकरी थापते. थापते, पण तीन बाजूंनी उघड्या पडवीत.

सूनबाईसाठी डिंकाचे लाडू पाठवलेत, पोचले की कळव. प्रमाणपत्राचा आणि भिंतीवरच्या अलार्मचा फोटो आधी पाठव. पेटलेल्या स्टोव्हचा मागाहून पाठवलास तरी चालेल.

तुझी,
आत्या